बायोलॉजीच्या सर-मॅडमना खुलं पत्र: तुमच्या फळ्यावरचा बाप जिवंत आहे

महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवणाऱ्या समस्त सर आणि मॅडम,

नमस्कार. मी सांगलीकडचा. वय पंचेचाळीस, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, डावा गुडघा पूर्ण वाकत नाही, आणि मला जन्मापासून हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही. बी टाइप, सिव्हिअर. कोणाची तक्रार करायला हे लिहीत नाहीये, तसं वाटलं तरी मधेच सोडू नका, शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

झालं असं की माझी पोरगी यंदा बारावीला आहे. गेल्या महिन्यात एकदा रात्री जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, सिलॅबसप्रमाणे तुम्ही वारलाय." मला वाटलं काहीतरी मीम वगैरे असेल. मग सांगायला लागली. वर्गात जेनेटिक्स चालू होतं, सरांनी फळ्यावर राणी व्हिक्टोरियाचा वंशवृक्ष काढला, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, भरलेला चौकोन पेशंट, गोलात टिंब दिलं की कॅरियर (वाहक, म्हणजे दोन एक्स क्रोमोसोमपैकी एकावर बिघडलेला जीन असलेली बाई), ते सगळं. एका पोरानं विचारलं, सर मुलीला हिमोफिलिया कधी होणार, तर सर म्हणाले आई कॅरियर पाहिजे आणि बाप पेशंट पाहिजे, पण तसला बाप लग्नापर्यंत जगतच नाही, त्यामुळं ती केस सोडून द्या, पेपरात येत नाही. आणि गेले पुढं. पोरगी गप्प बसली, कारण बोलली असती तर साठ माना एकदम तिच्याकडं वळल्या असत्या. त्या दिवशी सकाळी तिला कॉलेजच्या गेटवर मीच सोडलं होतं, ॲक्टिव्हावर.

आम्ही दोघं खूप हसलो. मग मी ताटावरनं उठलो तेव्हा गुडघा नेहमीसारखा कट्‌ करून वाजला आणि ती एकदम म्हणाली, "पण बाबा, सर असं का म्हणाले?" त्याचं उत्तर द्यायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं तुम्हालाच पाठवावं.

त्या सरांना मी दोष देत नाही, काही पुस्तकांत अजूनही कंसात तसंच छापलेलं सापडतं की असा बाप पुढं जगत नाही, म्हणून मुलगी पेशंट होणं जवळपास अशक्य. पण गंमत बघा, ज्या फळ्यावर हे वाक्य बोललं गेलं त्याच फळ्यावर दुसऱ्या ओळीत एक भरलेला चौकोन आहे, त्याच्या शेजारी लग्नाची आडवी रेघ आहे आणि खाली एक टिंबवाला गोल आहे. तो चौकोन म्हणजे प्रिन्स लिओपोल्ड. व्हिक्टोरियाचं आठवं मूल, चौथा मुलगा, जन्म १८५३. (याच्याच बाळंतपणात राणीनं क्लोरोफॉर्म घेतला, देणारा डॉक्टर जॉन स्नो, तोच तो लंडनच्या पंपावरनं कॉलरा पकडणारा.) लहानपणापासून सांध्यात रक्त, अंथरुणाला खिळणं, पण ऑक्सफर्डला शिकला, आईच्या सेक्रेटरीसारखं काम केलं, सरकारी कागदपत्रं बघायचा, १८८२ ला लग्न केलं आणि १८८३ ला मुलगी झाली, ॲलिस. १८८४ च्या मार्चमध्ये थंडीत सांधे धरतात म्हणून फ्रान्सच्या दक्षिणेला कान गावी हवापालटाला गेला होता, तिथं पाय घसरून पडला, गुडघा आणि डोकं आपटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. तीस वर्षांचा होता. बायको गरोदर होती, जुलैमध्ये मुलगा झाला. त्या मुलाला हिमोफिलिया नव्हता आणि बापाकडून येणं शक्यही नव्हतं, कारण हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि बाप पोराला वाय देतो, एक्स देतच नाही, हे तुम्हीच शिकवता. ॲलिसला मात्र बापाचा तो एकुलता एक्स मिळालाच मिळाला, तिथं फिफ्टी-फिफ्टी वगैरे काही नसतं. तिचा मुलगा रूपर्ट हिमोफिलियावाला, १९२८ साली फ्रान्समध्ये गाडीचा ॲक्सिडेंट होऊन गेला, विशीतला पोरगा. आणि ही ॲलिस स्वतः १९८१ च्या जानेवारीत वारली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन. मी तेव्हा पाळण्यात होतो. म्हणजे जो बाप जगतच नाही म्हणताय त्याची लेक माझ्या पाळण्यापर्यंत येऊन पोचली होती. आणि माझी पोरगी म्हणजे वंशवृक्षाच्या हिशोबानं अगदी तीच ॲलिस, फक्त राजवाडा नाही, दोन खोल्या आणि दुकान.

लिओपोल्डच्या आईचं आणि माझ्या आईचं एका बाबतीत सेम होतं म्हणजे पोराला काचेच्या बरणीत ठेवायचं. लिओपोल्डला परदेशात कुठंतरी गव्हर्नर व्हायचं होतं, आईनं सोडलं नाही. मला कबड्डी खेळायची होती, आईनं मैदानाच्या कडेला वही देऊन स्कोअर लिहायला बसवलं, शाळेची सात वर्षं मी बाकीच्यांचे पॉइंट लिहिले. तेव्हा राग यायचा, आता येत नाही.

बरं, काही जण या 'रॉयल डिसीज'चं भाषांतर राजरोग असं करतात, ते तर कृपा करून नको, आपल्याकडं राजरोग म्हणजे क्षय, राजयक्ष्मा, आजी-आजोबांच्या पिढीला विचारा. आणि हा काही राजांचा रोग नाहीच. ए टाइप साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला असतो, बी टाइप तीस हजारांत एकाला, त्यात राजाचा मुलगा आणि झेरॉक्सवाल्याचा मुलगा असा फरक नाही. राजांचा गाजला कारण त्यांची वंशावळ लिहून ठेवलेली असते आणि आपली तीन पिढ्यांमागं गेली की भाट बोलवावा लागतो.

आता व्हिक्टोरियाकडं येतो, कारण माझ्या आईचा विषय तिथं आहे. व्हिक्टोरियाच्या आधी त्या घराण्यात, ना आईकडून ना बापाकडून, असा कोणी रक्तस्रावानं गेल्याची नोंद नाही. तिचे वडील ड्यूक ऑफ केंट, ते स्वतः पेशंट नव्हते. मग आलं कुठून? यावरनं काही लोकांनी असंही लिहून टाकलंय की व्हिक्टोरियाचा बाप दुसराच कोणीतरी असणार. म्हणजे बघा, जीनमध्ये एक अक्षर चुकलं तर पहिला संशय बाईच्या चारित्र्यावर. अहो, आजही हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये मागं घरात कोणालाच नसतं, नवं म्युटेशन असतं, त्या सगळ्या आयांचं काय म्हणणार तुम्ही? व्हिक्टोरिया जन्मली तेव्हा तिचे वडील एकावन्न वर्षांचे होते, आणि बापाचं वय वाढेल तशा शुक्राणूत नव्या चुका वाढत जातात हे आता चांगलं माहीत आहे. हाल्डेन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ, ज्यानं माणसातला म्युटेशनचा रेट पहिल्यांदा काढला आणि तो हिमोफिलियावरनंच काढला, त्यानं तर सरळ लिहून ठेवलं होतं की ही चूक १८१८ च्या आसपास ड्यूक ऑफ केंटच्या वृषणातल्या एखाद्या पेशीत झाली असावी. शंभर टक्के सिद्ध कोणी करू शकत नाही, पण मला ते पटतं. हाच हाल्डेन पुढं १९५७ ला भारतात आला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारला. वर्गात सांगा हे, पोरं लक्षात ठेवतील.

आमच्यात पण माझ्याआधी कोणाला नव्हतं. मी नऊ महिन्यांचा असताना रांगायला लागलो आणि गुडघ्यांवर लिंबाएवढे काळेनिळे गोळे यायला लागले तेव्हा माझ्या आजीनं, वडिलांच्या आईनं, आईला ऐकवलं की तुझ्या माहेरचं रक्तच पातळ. पातळ वगैरे काही नसतं, रक्त तुमच्यासारखंच घट्ट असतं, फक्त गोठायच्या साखळीतली एक कडी नसते. पण आईनं ते वाक्य तीस वर्षं उरात ठेवलं. माझ्या बहिणीला स्थळं यायला लागली तेव्हा घरात ठरलं होतं की माझं कोणाला सांगायचं नाही, मी पाहुण्यांसमोर यायचं नाही, आलो तर लंगडायचं नाही. न लंगडता चहाचा ट्रे नेलाय मी, काय सांगू तुम्हाला. म्हणून म्हणतो, फळ्यावर 'आईकडून येतो' एवढंच लिहून डस्टर उचलू नका, त्या आईला तो तिच्या बापाकडून आलेला असू शकतो, आणि बऱ्याचदा तसाच आलेला असतो, हे अर्धं वाक्य पुढं जोडा. आमच्या आजीनं बायोलॉजी घेतलं नव्हतं, पण तुमच्या वर्गात उद्याच्या सासवा आणि सासरे बसलेत.

दुसरं म्हणजे ते "राजघराण्यात नात्यात लग्नं व्हायची म्हणून हिमोफिलिया झाला." हे मी यूट्यूबवर, क्लासच्या नोट्समध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ऐकलंय. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट मामे-आत्ये भावंडं, हे खरं. पण लिओपोल्डला एक्स मिळाला फक्त आईकडून, अल्बर्टच्या जागी तिनं अगदी परक्या मुलखातला माणूस केला असता तरी लिओपोल्डचं नशीब तेच होतं. आणि आपल्याकडं तर हे जास्त नीट सांगायला पाहिजे कारण आपल्यात मामाची मुलगी करतात. समजा माझ्यासारख्याचं लग्न मामाच्या मुलीशी झालं. मामा धडधाकट, म्हणजे त्याचा एकुलता एक्स चांगला, आणि मुलीला तो तोच देणार, त्यामुळं मामाकडून तिला हा जीन येणं शक्यच नाही. मावशीच्या मुलीकडं मात्र तो असू शकतो, आणि नेमकी मावशीची मुलगी आपल्यात बहीण! हे गणित पोरांना फळ्यावर सोडवायला द्या, राणी व्हिक्टोरियापेक्षा जास्त रंगेल वर्ग. नात्यात लग्न नको याला बाकी रोगांची ढीगभर कारणं आहेत, थॅलेसेमिया आहे, पण हिमोफिलियाच्या मुलग्यांचं खापर त्यावर फोडू नका.

रशियाचा युवराज अलेक्सी, त्याच्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय.

व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस (ही मोठी ॲलिस, लिओपोल्डची बहीण) जर्मनीत हेसला दिली होती. तिचा फ्रिडरिश नावाचा मुलगा १८७३ ला खिडकीतून पडून गेला, तीन वर्षांचाही नव्हता. तिची धाकटी मुलगी अलिक्स रशियाच्या निकोलसला दिली. १८९४ ला सासरा, झार तिसरा अलेक्झांडर, वारला आणि अंत्यविधीला आठवडा होतो न होतो तोच हिचं लग्न लागलं, लोक म्हणाले ही शवपेटीच्या मागून आमच्या घरात आली. आपल्या भाषेत, पांढऱ्या पायाची. त्यात ओळीनं चार मुली. मुलगा व्हावा म्हणून साकडं घातलं, १९०३ ला सारोव्हला जाऊन संत सेराफिमच्या झऱ्यात रात्री आंघोळ केली, आणि १९०४ च्या ऑगस्टमध्ये अलेक्सी झाला. नवसाचा. सहा आठवड्यांच्या आतच बेंबीतून रक्त यायला लागलं आणि थांबेना, तेव्हा आईला कळलं, कारण तिनं भाऊ असाच गमावला होता आणि बहीण इरेनेची मुलंही तशीच. इरेनेचा धाकटा हाइनरिश त्याच वर्षी फेब्रुवारीत चार वर्षांचा होऊन गेला होता.

तुम्ही वर्गात सांगता की हिमोफिलियात जरा कापलं की माणूस रक्त जाऊन मरतो. नाही हो. दाढी करताना मला रोज कापतं, बोट दाबून धरलं की थांबतं, ते काम प्लेटलेट्स करतात आणि त्या आमच्या ठणठणीत असतात. आमचा वैरी आत असतो. सांध्यात, स्नायूत, डोक्यात. १९१२ ला अलेक्सी आठ वर्षांचा, पोलंडमध्ये सुट्टीवर असताना होडीत उडी मारताना मांडीला मार लागला, जरा बरं वाटलं म्हणून पुढं स्पाला नावाच्या गावी आईनं गाडीतून फिरायला नेलं, रस्ता खडबडीत, गचके बसले आणि जांघेत, पोटाच्या खालच्या बाजूला रक्त साचायला लागलं. वर्णनांत लिहिलंय की पोरगा डावा पाय छातीकडं ओढून पडून राहायचा, सरळच करता येईना. वाचणाऱ्याला ते नुसतं वर्णन वाटेल, मला वाचताना घाम आला. त्याला आम्ही सोआस ब्लीड म्हणतो. कमरेच्या आतून मांडीला जाणारा तो स्नायू, त्यात रक्त भरलं की पाय आपोआप वाकतो, आणि सरळ करायला गेलं की असं वाटतं कोणीतरी आतून दोरखंड पिळतंय. मला अकराव्या वर्षी झालं होतं. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस, आईनं उशी गुडघ्याखाली घालायची, मी ओरडायचो, तिनं काढायची, मी ओरडायचो. घरच्यांनी आधी गावात अपेंडिक्स समजून दाखवलं होतं, नशीब कापलं नाही. अलेक्सीनं आईला विचारलं होतं की मी मेलो की दुखायचं थांबेल ना. हे मी पुस्तकात वाचायच्या वीस वर्षं आधी आमच्या आईला अगदी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, गप झोप.

स्पालामध्ये अखेरचे धार्मिक विधीपण झाले होते. मग रासपुतीनची, म्हणजे राणीचा ज्याच्यावर फार विश्वास होता त्या दाढीवाल्या साधूची, तार आली, की पोरगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. आणि रक्त थांबलं. तुम्ही हे जादूटोण्याच्या धाटणीत सांगता, पोरांना मजा येते, येऊ दे. पण १९१२ च्या डॉक्टरांकडं देण्यासारखं काय होतं? काहीच नाही. सारखं दाबून बघणं, हलवणं बंद करून पोराला पडू देणं हा सल्ला तेव्हाच्या मानानं वाईट नव्हता, आणि आई शांत झाली की पोरगं शांत होतं हे कुठल्याही ब्लीडमध्ये बसलेल्या आईला विचारा. खरं नुकसान केलं ते लपवण्यानं. युवराजाला नेमकं काय झालंय हे लोकांना सांगितलंच नाही. त्यामुळं राणी त्या दाढीवाल्याच्या एवढी नादी का लागलीय याचं कारण लोकांना कळेना, मग लोकांनी आपापली कारणं शोधली, आणि ती कसली असणार ते तुम्ही ओळखा. चहाचा ट्रे न लंगडता नेण्याचाच प्रकार तो, फक्त साम्राज्याच्या साइजचा. बाकी "हिमोफिलियामुळे रशियन क्रांती झाली" हे जरा जास्तच होतं, युद्ध होतं, पाव मिळत नव्हता, जमिनीचा प्रश्न होता. पण १९१७ ला गादी सोडताना निकोलसनं डॉक्टर फेडोरोव्हला विचारलं की पोरगा बरा होईल का, डॉक्टरनं खरं सांगितलं आणि त्यानं स्वतःबरोबर पोराचाही हक्क सोडला, एवढं मात्र झालं. पुढं १९१८ ला कैदेत जिन्यावरून घसरगाडी खेळताना पुन्हा ब्लीड झालं आणि पोराला चालता येईना. येकातेरिनबर्गला जुलैमध्ये त्या रात्री सगळ्यांना गोळ्या घालायला तळघरात नेलं तेव्हा बापानं त्याला कडेवर उचलून नेलं. चौदा पूर्ण व्हायला महिना बाकी होता.

यानंतरची गोष्ट तुमच्या विषयाची आहे आणि ती तुम्ही सांगतच नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. १९९१ ला येकातेरिनबर्गजवळच्या खड्ड्यातून नऊ जणांची हाडं काढली, १९९३ ला डीएनए जुळवला, आणि जुळवायला रक्त दिलं कोणी, तर इंग्लंडच्या तेव्हाच्या एलिझाबेथ राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांनी, कारण त्यांची आजी म्हणजे अलिक्सची सख्खी मोठी बहीण, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईच्या आईकडून येतो म्हणून. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन त्याच बहिणीचे चिरंजीव, म्हणजे रशियाची झारीण ही माउंटबॅटनची मावशी. पण खड्ड्यात दोन मुलं कमी होती. ती २००७ ला थोड्या अंतरावर सापडली, जळकी हाडं. आणि २००९ ला रोगायेव्ह नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याच्या टीमनं त्यातून तो जीन वाचला. तोपर्यंत जवळपास सगळे धरून चालले होते की राजांचा तो ए टाइप असणार, कारण तोच जास्त आढळतो. निघाला बी. म्हणजे गोठायच्या साखळीतली फॅक्टर नाईन नावाची कडी नसलेला. माझावाला!

चूक किती मोठी होती तर एका अक्षराची, ए च्या जागी जी. पण पडली मोक्याच्या जागी, जिथं पेशी जीनची कॉपी कापून जोडते त्या सांध्यावर. कापायची खूण दोन अक्षरं आधी सरकली, म्हणजे दोन जास्तीची अक्षरं आत घुसली, आणि जीन तर तीन-तीन अक्षरांनी वाचायचा असतो. पोरीला मी असं सांगितलं: "कमल बदक सडक" असं लिहिलंय आणि कमलच्या पुढं चुकून "गर" घुसलं, पण वाचणारा तीन-तीननंच वाचणार, तर होतं "कमल गरब दकस डक". थोडं पुढं गेलं की थांबायची खूण चुकीच्या जागी लागते आणि प्रोटीन अर्ध्यावर तुटतं. पोरगी म्हणाली फ्रेमशिफ्ट. मी म्हटलं मला नाव माहीत नाही, दकस डक माहीत आहे.

त्याच टेस्टमध्ये अलिक्स कॅरियर निघाली, आणि चार बहिणींपैकी एक. ती अनास्तासिया की मारिया यावर शास्त्रज्ञांत दोन पक्ष आहेत. मारियाच्या बाजूनं एक गोष्ट सांगतात, १९१४ ला टॉन्सिलचं ऑपरेशन करताना तिला इतकं रक्त गेलं की डॉक्टर घाबरला, असं तिच्या आत्यानं पुढं सांगितलं होतं. आता तुमचं ते वाक्य बघा, "स्त्रिया फक्त वाहक असतात, त्यांना त्रास होत नाही." माझ्या पोरीची दाढ काढली तेव्हा दोन दिवस उशी लाल होत होती. फॅक्टरची लेव्हल तपासली तर चाळीस टक्क्यांच्या खाली. प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो आणि कुठला बंद पडेल हे नशिबावर असतं, चांगला जास्त पेशींत बंद पडला की कॅरियर बाईलाही ब्लीड होतं, पाळीत खूप जातं, बाळंतपणात धोका असतो, आणि "तू तर फक्त कॅरियर" म्हणून कोणी तपासतच नाही. हे तिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली दाढेचं लिहा, बाकीचं मी मोठी झाले की मीच लिहीन.

स्पेनचं थोडक्यात. व्हिक्टोरियाची धाकटी बिआट्रिस, तिची मुलगी एना, १९०६ ला राजा अल्फोन्सोशी लग्न, वरातीवरच बॉम्ब पडला, त्यातून वाचली. दोन मुलगे हिमोफिलियाचे, दोघंही मोटारीच्या छोट्याशा अपघातात गेले, गोंझालो १९३४ ला आणि अल्फोन्सो १९३८ ला मायामीत. दुसऱ्या कोणी बँडेज बांधून घरी आलं असतं. नवऱ्यानं बायकोला आयुष्यभर माफ केलं नाही म्हणतात, आमची आजी तिकडंपण होती तर. आणि इंग्लंडच्या आजच्या घरात तो का नाही, हा प्रश्न पोरं विचारतातच: गादीवर आलेला सातवा एडवर्ड स्वतः पेशंट नव्हता, म्हणजे त्याच्याकडं तो एक्सच नव्हता, खाली जाणार काय.

या घराण्यातला शेवटचा माहीत असलेला पेशंट वाल्डेमार, इरेनेचा थोरला. छप्पन्न वर्षांचा होऊन गेला, १९४५ च्या मेमध्ये, बव्हेरियात, कारण त्याला लागणारं रक्त मिळालं नाही, अमेरिकन फौजेनं औषधपाणी छळछावणीतून सुटलेल्या लोकांसाठी नेलं होतं. बरोबरच केलं त्यांनी, असं मला वाटतं. पण छप्पन्न, हा आकडा पोरांना सांगा. जगत नाही म्हणे.

बी टाइपचं दुसरं नाव ख्रिसमस डिसीज, एमसीक्यूला हमखास येतं, आणि पोरांना वाटतं नाताळाशी काहीतरी संबंध असेल. स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलावरून ते नाव आहे, १९५२ ला ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तात बघितलं की हा नेहमीचा प्रकार नव्हे, वेगळी कडी तुटलीय. तो मुलगा १९९३ ला गेला, आणि हिमोफिलियानं नाही, त्याला चढवलेल्या रक्तातून आलेल्या एड्सनं. त्या काळातले आमचे कितीतरी असे गेले. माझ्या लहानपणी ब्लीड झालं की प्लाझ्माची पिशवी, बर्फ आणि आईची मांडी, एवढंच होतं. आता सरकारी दवाखान्यात फॅक्टर नाईन मिळतं, कधी लगेच, कधी 'स्टॉक यायचाय'. फ्रीजमध्ये भाजीच्या वरच्या कप्प्यात डबा असतो, मी स्वतः शीर शोधून टोचतो, दहा मिनिटांचं काम. २०२२ ला अमेरिकेत बी टाइपसाठी जीन थेरपीपण मंजूर झाली, एकदाच घ्यायची, किंमत पस्तीस लाख डॉलर. दुकान विकलं तरी सुईचे पैसे निघणार नाहीत.

तर एवढंच. वंशवृक्ष शिकवा, जरूर शिकवा, त्यापेक्षा चांगलं उदाहरण नाहीच. फक्त त्या भरलेल्या चौकोनांपाशी जरा थांबा, आणि "असा बाप जगत नाही" च्या जागी लिओपोल्डचं नाव घ्या. कोणाला वर्गात दाखवायला जिवंत बाप हवा असेल तर मी येतो, सांगली-मिरज-कुपवाडमध्ये कुठंही, पेट्रोलचे पैसे नकोत. पोरांनी काहीही विचारावं, फॅक्टर कसा टोचतात तेपण दाखवतो, डबा बरोबरच असतो. वर्ग तेवढा तळमजल्यावर ठेवा, नाहीतर जिना किती पायऱ्यांचा आहे ते आधी कळवा, म्हणजे मी त्या दिवशी सकाळीच टोचून घेईन.

आपला,
एक भरलेला चौकोन

ता.क. पोरीनं वाचलं. म्हणाली कपड्यांना इस्त्री करून जा, आणि माझ्या कॉलेजला सगळ्यात शेवटी.